यंत्राशी दोन शब्द

माणसाने माणसाशी कसे बोलावे, याविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. माणसाने यंत्राशी कसे बोलावे, हा प्रश्न मात्र आपल्या वडीलधाऱ्यांपुढे कधी आला नाही. जात्यावर बसून आयाबायांनी हजारो ओव्या म्हटल्या. परंतु ओवी ऐकून जात्याने दळण अधिक बारीक केले, असे काही घडल्याचे ऐकिवात नाही. संगणक आला आणि ही स्थिती पालटली. इतिहासात प्रथमच मनुष्याला असे यंत्र मिळाले की, ज्याला शब्दाने काम सांगता येते.

आज घरोघरी संगणक आहे, खिशाखिशांत फोन आहे. परंतु त्यांच्याशी आपण बहुधा बोलत नाही, बोट दाखवतो. चित्रावर बोट ठेवले की ते उघडते. परक्या मुलखातला मनुष्य बाजारात आंब्याच्या टोपलीकडे बोट दाखवतो, तसाच हा प्रकार. आंबा मिळतो, नाही असे नाही. पण 'कालच्यासारखेच, जरा कमी पिकलेले दोन डझन द्या, आणि त्यांतले चार शेजारी पाठवा', हे बोटाने सांगावयाचे कसे? त्यासाठी भाषाच लागते.

संगणकाला अशी भाषा आहे, आणि ती या चित्रांहून वयाने वडील आहे. काळा पडदा, त्यावर एक लुकलुकणारी खूण, आणि आपण काही लिहावे म्हणून थांबलेले यंत्र. हिला आज्ञांची ओळ म्हणतात. नवख्याला ती दटावणाऱ्या हेडमास्तरांसारखी वाटते. तिची कुळकथा सांगावी, आणि सांगता सांगता तिचे चार शब्द वाचकांच्याही हाती द्यावेत, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रारंभी संगणकाशी संभाषण नव्हतेच, अर्ज होता. आपले काम भोके पाडलेल्या कार्डांवर उतरवावयाचे, कार्डांचा गठ्ठा खिडकीत द्यावयाचा आणि उत्तराची वाट पाहावयाची. एक स्वल्पविराम चुकला तर दुसऱ्या दिवशी गठ्ठा परत. मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली सीडीसी ३६०० हा मोठा संगणक आला, तेव्हा त्याच्याकडेही कामे अशा गठ्ठ्यांनीच जात. यंत्र महाग आणि मनुष्याचा वेळ स्वस्त, असा तो हिशेब होता.

हा हिशेब अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत प्रथम मोडला. फर्नांडो कॉर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ साली एक व्यवस्था करून दाखविली. तीत एकच संगणक अनेकांकडे आळीपाळीने क्षणक्षण लक्ष देई, आणि प्रत्येकाला वाटे की यंत्र आपल्याच सेवेत आहे. पंगतीत एकच वाढपी चपळाईने फिरला म्हणजे कोणाचेही पान रिकामे राहत नाही, तसे. आता मनुष्य टंकयंत्रापुढे बसून एक ओळ लिहू लागला आणि त्याच बैठकीत उत्तर वाचू लागला. अर्ज संपला, संभाषण सुरू झाले.

याच ठिकाणी लुई पूझाँ नावाचे एक फ्रेंच गृहस्थ काम करीत होते. त्यांच्या ध्यानात आले की, आपण त्याच त्या आज्ञा त्याच त्या क्रमाने रोज लिहीत आहोत. मग त्या एकदाच कागदावर, म्हणजे फाइलीत, का लिहून ठेवू नयेत? १९६३-६४ च्या सुमारास त्यांनी 'रनकॉम' नावाची सोय केली. फाइलीचे नाव घेतले की तीतल्या आज्ञा ओळीने पार पडू लागल्या. आज ज्याला स्क्रिप्ट म्हणतात, तिचा जन्म हा असा कंटाळ्यातून झाला. आळस हा मनुष्याचा शत्रू असे आम्ही शाळेत मुलांना शिकवतो. पण शोधक माणसाच्या बाबतीत हे सुभाषित जरा जपूनच वापरावे.

पूझाँ यांनीच 'शेल' हा शब्द रूढ केला. शेल म्हणजे कवच. आपण नारळ डोळ्यांपुढे आणावा. आतले खोबरे म्हणजे यंत्राचा खरा कारभार: स्मृती कोणाला किती द्यावयाची, तबकडीवर काय कोठे ठेवावयाचे. बाहेरची करवंटी म्हणजे शेल. माणसाचा हात करवंटीलाच लागतो. आपण लिहिलेली ओळ शेल वाचतो, तिचा अर्थ लावतो आणि आतल्या कारभाऱ्याकडून काम करवून घेतो.

पुढे एमआयटी, जनरल इलेक्ट्रिक आणि बेल टेलिफोन कंपनीची प्रयोगशाळा यांनी मिळून 'मल्टिक्स' नावाची भव्य व्यवस्था उभारावयास घेतली. कल्पना थोर होत्या, परंतु काम रेंगाळले. १९६९ साली बेल प्रयोगशाळेने अंग काढून घेतले. तेथील केन टॉमसन, डेनिस रिची आणि त्यांच्या मित्रांच्या हातून ती मोठी खेळणी एकाएकी गेली. प्रयोगशाळेत पीडीपी-७ नावाचे एक लहानसे, फारसे कोणी न वापरणारे यंत्र पडून होते. त्याच सुमारास टॉमसन यांची पत्नी लहान मुलाला घेऊन काही आठवडे कॅलिफोर्नियास गेली. घर मोकळे, यंत्र मोकळे! टॉमसन यांनी एक आठवडा गाभ्याला, एक शेलला, एक मजकूर लिहिण्याच्या साधनाला आणि एक यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या साधनाला दिला. महिन्याभरात एक नवी व्यवस्था उभी राहिली. मल्टिक्सच्या नावाची थट्टा करून तिला 'युनिक्स' म्हणू लागले.

या जन्मकथेतच तिचा स्वभाव आहे. श्रीमंत घरातले मूल आणि ओढगस्तीच्या घरातले मूल यांच्या बोलण्याचालण्यात फरक पडतो. युनिक्स ओढगस्तीत वाढली. ज्यावर आज्ञा लिहावयाच्या, तो टेलिप्रिंटर सेकंदाला जेमतेम दहा अक्षरे उमटवी, आणि त्याच्या कळा जोर लावून दाबाव्या लागत. म्हणून शब्द दोन-तीन अक्षरांचे झाले. काम बिनबोभाट झाले असेल, तर यंत्राने काही बोलावयाचे नाही, ही रीतही तेथलीच. नवखा मनुष्य आज्ञा देतो, उत्तर येत नाही, आणि तो घाबरतो. वास्तविक ते मौन म्हणजे 'झाले' असा निरोप असतो. जुन्या घरचा विश्वासू गडी 'होय मालक, केले मालक' असे घटकेघटकेस येऊन सांगत नसे; काम झालेले दिसे.

आता ते चार शब्द पाहू. पहिला 'पीडब्ल्यूडी'. वाचकांनी दचकू नये. येथे सार्वजनिक बांधकाम खात्याचा काही संबंध नाही. 'मी कोठे उभा आहे?' असा या आज्ञेचा अर्थ. संगणकातील सारा मजकूर खणांत खण, त्यांत आणखी खण, अशा रचनेत ठेवलेला असतो, आणि आपण नेहमी त्यांपैकी कोणत्या तरी एका खणात उभे असतो. 'एलएस' म्हणजे येथे काय काय आहे ते दाखव. 'सीडी' म्हणजे अमुक खणात चल. 'कॅट' म्हणजे फाइलीतला मजकूर वाचून दाखव. 'सीपी'ने प्रत निघते, 'एमव्ही'ने वस्तू हलते किंवा तिचे नाव बदलते, 'आरएम'ने ती नाहीशी होते. आणि यांपैकी काही अडले तर 'मॅन' लिहून पुढे त्या आज्ञेचे नाव द्यावे. त्या आज्ञेची माहिती समोर उलगडते. बाराखडीपेक्षा ही विद्या पुष्कळ सोपी आहे.

परंतु शब्द पाठ झाले म्हणजे भाषा आली असे होत नाही. शब्दाला शब्द जोडता आला पाहिजे. ती जोड कशी सापडली, हा या इतिहासातला सर्वांत रम्य भाग.

बेल प्रयोगशाळेत डग्लस मॅकिलरॉय नावाचे विभागप्रमुख होते. युनिक्सचा मागमूसही नव्हता तेव्हा, १९६४ सालच्या ऑक्टोबरात, त्यांनी एक टिपण लिहिले. त्याचा आशय असा की, बागेतल्या पाण्याच्या नळीला जसा आणखी एक तुकडा जोडता येतो, तसे एका कार्यक्रमाला दुसरा कार्यक्रम जोडता आला पाहिजे. एकाचे फलित ते दुसऱ्याचे साहित्य व्हावे. ही गोष्ट ते वर्षानुवर्षे सांगत राहिले. अखेर १९७३ च्या आरंभी टॉमसन यांनी एका रात्रीत ती नळी व्यवस्थेत बसवली. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत जो तो आज्ञेला आज्ञा जोडून नवी नवी वाक्ये करू लागला. नऊ वर्षे धरलेला हट्ट एका रात्रीत फळाला आला.

या नळीची खूण म्हणजे एक उभी रेघ. आपल्या पोथ्यांत उभी रेघ म्हणजे दंड. तेथे चरण संपतो. येथे नेमके उलट. रेघ आली की वाक्य पुढे चालू लागते.

मराठी माणसाला ही रचना परकी वाटावयाचे कारण नाही. दिवाळीच्या आधी घरोघरी जे वाक्य ऐकू येते, तेच पाहा: 'डाळ-तांदूळ धुऊन, वाळवून, भाजून, दळून आण.' व्याकरणात ज्याला आपण 'ऊन'-प्रत्ययान्त रूप म्हणतो, ते एका क्रियेचे फळ पुढच्या क्रियेच्या हाती देते. धान्य पहिल्यांदा एकदाच सांगितले; पुढे कोणी 'काय वाळवू?' 'काय भाजू?' असे विचारीत नाही. इंग्रजीत अशी साखळी ओढाताणीने होते. मराठीत ती सहज जमते. युनिक्समधील उभी रेघ म्हणजे आपला 'ऊन' होय. फरक एवढाच की, भाजणीत एक काम आटोपल्यावर दुसरे सुरू होते. येथे पाटाच्या पाण्यासारखे सारे एकदम वाहत असते. पहिल्याकडून थेंब आला की दुसरा कामाला लागतो.

या जोडणीचे बळ किती, याचा एक प्रसिद्ध दाखला आहे. १९८६ साली अमेरिकेतील एका संगणकविषयक मासिकात जॉन बेंटली आपले सदर लिहीत असत. त्यांनी डोनाल्ड नूथ या थोर पंडितांना एक कार्यक्रम लिहावयास सांगितले: दिलेल्या मजकुरात कोणते शब्द सर्वांत अधिक वेळा आले, ते आकड्यांसह सांगावयाचे. नूथ यांनी कित्येक पानांचा, सुबक, स्वतःची युक्ती योजलेला कार्यक्रम लिहिला. त्यावर अभिप्राय देण्याचे काम मॅकिलरॉय यांच्याकडे आले. त्यांनी नूथ यांच्या कारागिरीची वाखाणणी केली, आणि मग तेच काम करणाऱ्या सहा ओळी लिहून दाखविल्या. मजकुरातले शब्द सुटे करून एकेका ओळीवर ठेव; मोठी अक्षरे लहान कर; 'सॉर्ट'ने वर्णक्रम लाव, म्हणजे सारखे शब्द शेजारी येतील; 'युनिक'ने सारख्यांची एक जुडी करून संख्या लिही; पुन्हा 'सॉर्ट'ने मोठ्या संख्येपासून लाव; वरचे हवे तेवढे ठेव, बाकीचे सोड. सहा लहान शब्दकारागीर, आणि मध्ये पाच उभ्या रेघा! यांतला एकही कारागीर या कामासाठी मुद्दाम घडवलेला नव्हता. नूथ यांचा कार्यक्रम म्हणजे एकाच दगडातले लेणे. मॅकिलरॉय यांचे उत्तर म्हणजे हाताशी असलेल्या विटांची भिंत. लेण्याचे मोल कमी नाही. परंतु घर बांधावयास सामान्य माणसाला विटाच हव्यात.

ही सहा ओळींची साखळी रोज कोण लिहीत बसणार? येथे पूझाँ यांचा वारसा कामी येतो. ती एका फाइलीत उतरवावी, 'हिला चालवावयाची परवानगी आहे' असे एकदा यंत्राला सांगावे, आणि तिला नाव द्यावे. झाली स्क्रिप्ट! आजीच्या वहीत चकलीचे प्रमाण लिहिलेले असते, तशीच ही वही. लग्नपत्रिकेच्या छापील मजकुरात पाहुण्याच्या नावापुरती जागा मोकळी सोडतात, तशी स्क्रिप्टमध्येही सोडता येते. आयत्या वेळी जी फाइल सांगाल ती त्या जागी बसते. १९७९ साली स्टीफन बोर्न यांचा शेल प्रसिद्ध झाला, आणि अशा वह्यांत 'जर असे असेल तर' आणि 'या खणातल्या प्रत्येकासाठी' अशी वाक्ये ऐसपैस लिहिता येऊ लागली. बोर्न यांना अल्गोल ६८ या भाषेचा लळा होता. म्हणून त्यांनी 'इफ'ने उघडलेले वाक्य त्याच शब्दाची अक्षरे उलटी करून, म्हणजे 'फी'ने, मिटवले. 'डू' मात्र उलटे करता येईना. कारण 'ओडी' नावाची आज्ञा आधीच नांदत होती! तेव्हा तेथे 'डन' आले. भाषा माणसांनी केलेली असली म्हणजे तिच्यात अशा घरगुती तडजोडी राहावयाच्याच.

इतके सामर्थ्य शब्दात असले, तर धोकाही शब्दातच असणार. आज्ञेतल्या एका अक्षराने काय होते, हे मराठी माणसाला कोणी सांगावयास नको. १७७३ साली शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. 'धरावे' या आज्ञेतील 'ध'चा 'मा' केला गेला, अशी कथा आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो आहोत. 'आरएम' ही आज्ञा अशीच आहे. तिच्यापुढे तारांकन लिहिले, तर 'येथले सर्व' असा अर्थ होतो. आणि एखादी मोकळी जागा भलतीकडे पडली, तर जे ठेवावयाचे तेही जाते. यंत्र 'खरेच का?' असे विचारीत नाही. १९९८ साली पिक्सार या चित्रसंस्थेत 'टॉय स्टोरी २' हा मुलांचा चित्रपट तयार होत असता कोणी तरी हीच आज्ञा भलत्या खणात दिली. पडद्यावरची पात्रे, घरे, झाडे एकामागून एक नाहीशी होऊ लागली. राखीव प्रत काढावयास जावे, तो तीही धड निघाली नाही. अखेर गॅलिन ससमन या तंत्रज्ञ बाईंच्या घरी एक प्रत निघाली. घरी तान्हे मूल म्हणून त्या घरून काम करीत असत. तो संगणक ब्लँकेटांत गुंडाळून मोटारीतून कार्यालयात आणला, आणि चित्रपट बचावला. बाळंतिणीच्या घराने कारखाना तारला, असा प्रसंग कादंबरीत घातला तर टीकाकार त्याला योगायोग म्हणतील.

मग अशी धारदार विद्या सामान्यांच्या हाती द्यावी की नाही? या प्रश्नाला इतिहासाने जे उत्तर दिले, ते एका शिक्षकाच्या कथेत आहे.

१९५६ सालच्या एका न्यायालयीन तडजोडीमुळे अमेरिकेतल्या टेलिफोन कंपनीला टेलिफोनखेरीज अन्य धंदा करण्यास बंदी होती. त्यामुळे युनिक्स विद्यापीठांना अल्प मोबदल्यात, आतल्या साऱ्या मजकुरासह मिळे. ऑस्ट्रेलियात सिडनी येथील न्यू साउथ वेल्स विद्यापीठात जॉन लायन्स नावाचे प्राध्यापक होते. त्यांना वाटले, विद्यार्थ्यांनी पुस्तकी नमुने घोकण्यापेक्षा खरीखुरी व्यवस्था ओळीओळीने वाचावी. १९७६-७७ च्या सुमारास त्यांनी युनिक्सच्या गाभ्याच्या सुमारे नऊ हजार ओळी एका वहीत छापल्या आणि दुसऱ्या वहीत त्यांवर टीका लिहिली. आपल्याकडे मूळ ग्रंथ आणि टीका असते, अगदी तशी. परंतु १९७९ च्या आवृत्तीपासून कंपनीने हा मजकूर वर्गात शिकवण्यास मनाई केली. टीका उघडपणे छापता येईना. मग काय झाले? विद्यार्थ्यांनी त्या वहीच्या छायाप्रती काढल्या, त्या प्रतींच्या प्रती काढल्या, आणि पुसट होत चाललेली ती अक्षरे देशोदेशी हातोहात गेली. पुस्तकरूपाने ती उघडपणे प्रसिद्ध व्हावयास १९९६ साल उजाडले. दोन वर्षांनी लायन्स वारले. आपल्या वहीवर एक पिढी शिकली, हे त्यांना पाहावयास मिळाले. शिक्षकाला याहून काय हवे?

वाणी कोंडली की ती दुसरी वाट काढते. टेलिफोन कंपनी १९८४ साली विभागली गेली, तशी तिला धंद्याची मोकळीक मिळाली आणि युनिक्सभोवतीचे कुंपण उंच झाले. त्याआधीच, १९८३ च्या सप्टेंबरात, रिचर्ड स्टॉलमन यांनी जाहीर केले होते की, युनिक्ससारखीच, परंतु सर्वांना मोकळी अशी व्यवस्था आम्ही नव्याने लिहू. त्या कामासाठी ब्रायन फॉक्स यांनी १९८९ साली 'बॅश' नावाचा शेल लिहिला. बोर्न यांच्या नावावरची ही कोटी: बोर्नचा पुनर्जन्म. १९९१ च्या ऑगस्टात हेलसिंकीचे एकवीस वर्षांचे विद्यार्थी लिनस टॉरवल्ड्स यांनी आपण हौसेखातर एक गाभा लिहीत असल्याचे कळवले, आणि त्यावर पहिल्यांदा जे चालवून पाहिले त्यांत हा बॅश होता. करवंटी आधी तयार होती. खोबरे मागून आले. हीच लिनक्स. १९६९ साली फारसे कोणी न वापरणाऱ्या यंत्रावर जी रीत जन्मली, तीच नोव्हेंबर २०१७ पासून जगातील पहिल्या पाचशे महासंगणकांवर एकछत्री नांदत आहे. खिशातल्या अँड्रॉइड फोनच्या पोटातही लिनक्सचाच गाभा आहे.

या भाषेत पूर्वी आपल्या अक्षरांना मात्र थारा नव्हता. सारा कारभार १२८ इंग्रजी चिन्हांत चाले. १९९२ च्या सप्टेंबरात न्यू जर्सीतील एका खाणावळीत केन टॉमसन आणि रॉब पाइक जेवावयास बसले होते. ताटाखालच्या कागदावर टॉमसन यांनी जगातल्या साऱ्या लिप्या एकाच रीतीने लिहिण्याची युक्ती मांडली. ती यूटीएफ-८. तिच्यामुळे 'मराठी' हा शब्द म, र, काना, ठ आणि वेलांटी अशी पाच चिन्हे, प्रत्येकी तीन घरे, मिळून पंधरा घरांत बसतो; इंग्रजी अक्षराला एकच घर पुरते. आपल्याला जागा जरा अधिक लागते, परंतु पंगतीत पाट मांडला गेला आहे. खणाला 'फराळ' असे नाव द्या, त्यात 'चकली' नावाची फाइल ठेवा, शेल ते निमूटपणे मान्य करतो.

यंत्राने मनुष्याला काय दिले याची यादी मोठी आहे. परंतु कोठे उभे आहोत हे विचारणे, समोर काय आहे ते पाहणे, लहान शब्द नीट उच्चारणे, एकाचे फळ दुसऱ्याच्या हाती देणे, आणि पुसण्यापूर्वी दोनदा वाचणे, एवढे ज्याला साधले, त्याला यंत्र बोटाने दाखवावे लागत नाही. सुटीत घरातल्या मुलांना तो काळा पडदा उघडून द्यावा आणि पहिला प्रश्न त्यांनाच विचारू द्यावा: मी कोठे उभा आहे? यंत्र एका ओळीत उत्तर देईल, आणि पुढच्या शब्दासाठी थांबून राहील.